एक संगणक, दोन कामे : प्रोसेसर निवडताना हिशेब कोणता?

जालना, प्रतिनिधी - पोलाद आणि बियाण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जालन्यात लग्नाच्या चित्रीकरणाचे संपादन व फ्लेक्सची सजावट यांवरही अनेक तरुणांचा चरितार्थ चालतो. दिवसा संपादन झालेल्या संगणकावर रात्री गेमही खेळता यावा, ही अपेक्षा साहजिक आहे. मात्र 'सर्वांत महागडा तो सर्वांत चांगला' या समजुतीने केलेली खरेदी येथे अंगाशी येऊ शकते.

मुळात या दोन कामांच्या गरजा भिन्न आहेत. त्रिमितीय रेंडरिंग प्रोसेसरचे सर्व कोअर कामाला लावते. गेमला मोजक्या कोअरचा वेग आणि मोठी कॅश मेमरी अधिक उपयोगी पडते. हे हेरून एएमडीने २०२२ मध्ये ८ कोअरच्या 'रायझन ७ ५८००एक्स३डी'वर कॅशचा जादा थर चढवला. २०२५ मध्ये आलेल्या 'रायझन ९ ९९५०एक्स३डी'त १६ कोअर आहेत. जादा कॅश मात्र त्यांपैकी ८ कोअरनाच लाभते. दोन्ही कामे साधतात, पण त्याचे मोल मोठे आहे.

इंटेलने २०२१ पासून मोठे व छोटे कोअर एकत्र आणले. संपादकांच्या दृष्टीने तिची जमेची बाजू म्हणजे अंगभूत ग्राफिक्समधील 'क्विक सिंक'. व्हिडिओ उलगडण्याचा व पुन्हा बांधण्याचा बराच भार ती उचलते. नावाअखेरीस 'एफ' असलेले प्रोसेसर थोडे स्वस्त असतात. पण त्यांत अंगभूत ग्राफिक्स नसल्याने ही सोयही नसते. त्यामुळे वाचलेले पैसे पुढे वेळेच्या रूपाने मोजावे लागतात.

जुन्या बाजारात तर अधिक सावध राहावे लागेल. तेराव्या व चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरना अवाजवी व्होल्टेजमुळे इजा होत असल्याचे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले, हमी २ वर्षांनी वाढवली आणि सुधारित मायक्रोकोड दिला. तथापि, आधीच झालेली इजा या सुधारणेने भरून निघत नाही.

उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या या जिल्ह्यात विजेचा विचारही अटळ आहे. 'कोअर आय९-१४९००के' कमाल भाराला २५३ वॅटपर्यंत जाऊ शकतो. म्हणजेच कूलर, पॉवर सप्लाय आणि यूपीएस हे तिन्ही त्याच तोलाचे हवेत. हा खर्च प्रोसेसरच्या किमतीत दिसत नाही.

अधिक रिझोल्यूशनवर गेमचा वेग मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर ठरतो, हेही विसरून चालणार नाही. त्यामुळे ज्या कामातून संगणकाचा हप्ता फिटणार आहे, त्या कामाच्या गरजेनुसार प्रोसेसर घ्यावा आणि उरलेली रक्कम ग्राफिक्स कार्डाकडे वळवावी, हेच व्यवहार्य ठरते. रेंडरिंग नित्याचे नसेल, तर १६ कोअरचा मोह टाळलेलाच बरा.