फिरतें घर आणि उलाळ गाडी

वृद्धपणीं तीर्थयात्रा कशी घडावी, हा प्रश्न हल्लीं घरोघर निघतो; कारण पुष्कळांचीं मुलें परगांवीं असतात. आमच्याही घरीं तो निघाला. चिरंजीवांनीं उपाय म्हणून एक जुनी प्रवासी मोटार घेतली व तींत निजण्याचीं दोन बाकें, लहानशी शेगडी, भांड्यांची फळी व पाण्याची टांकी अशी सोय करून दिली. अशा गाडीस कॅरव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरव्हॅन पर्यटनाचें धोरणही जाहीर केलें आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणें फेरफारांना परिवहन कार्यालयाची संमति लागते, तीही घेतली. सर्व सिद्धता झाली, आणि आम्ही चौलहून नरसोबाच्या वाडीस निघालों.

वाडी दूरच राहिली! वडखळ येण्यापूर्वींच आमच्या कुटुंबाच्या मणक्याचें जुनें दुखणें उठलें. प्रत्येक खड्ड्याला भांडीं वाजत, शेजारून मालमोटार गेली कीं सारें घर डोलूं लागे, आणि आमचा भाचा सुकाणूचें चाक दोन्ही हातांनीं आवळून बसलेला! "आजवर जातें मीं दळलें, आज जात्यानें मला दळलें," एवढेंच ती बोलली. आम्ही तेथूनच परतलों. पुढें तीन आठवडे तिला अंथरुणावर काढावे लागले.

आतां आमची चूक सांगतों. "मागची बाजू बसली आहे, स्प्रिंगांत एक पाटा वाढवा," असा सल्ला कोणीं दिला, व आम्हीं तो विचार न करतां मानला. गाडी वर उचलली खरी. पण धक्के दुप्पट झाले. पाटा वाढविल्यानें स्प्रिंग ताठ होते. ती भार पेलते, पण लवत नाहीं, हें आमच्या ध्यानांत आलें नाहीं.

अखेर अलिबागेस मोटारी दुरुस्त करणारा आमचा एक जुना विद्यार्थी भेटला. शाळेंत गणिताशीं त्याचें कधीं जमलें नव्हतें. गाडीभोंवतीं एक फेरी घालून तो म्हणाला, "गुरुजी, पाटे राहूं द्या. आधीं गाडी काट्यावर चढवा. तरफ तुम्हींच शिकवली होतीत ना?"

काट्यावर प्रथम पुढचीं चाकें, मग मागचीं, अशीं निरनिराळीं तोललीं. मागें भार फार आणि पुढें फार थोडा! कारण उघड होतें. पाण्याची २०० लिटरची टांकी, म्हणजे पाण्याचेच २०० किलो, मागच्या आसाच्या पलीकडे सुमारे दीड मीटर टांगलेली; दोन आसांमधील अंतर सुमारे ३ मीटर. तरफेच्या नियमानें पुढच्या आसावरील १०० किलो भार उचलला जातो, व मागच्या आसावर २०० ऐवजीं ३०० किलो पडतो. पुढचीं चाकें अशीं हलकीं झाल्यावर सुकाणूस पकड कोठून राहणार? आमच्या लहानपणीं बैलगाडीवाला मागें पोतीं जास्त झालीं कीं, "गाडी उलाळ झाली," म्हणून तीं पुढें सरकवीत असे. तें ज्ञान आमच्या अंगणांतच होतें. आम्ही तें विसरलों.

पुढें दुरुस्ती ज्या क्रमानें झाली, तो क्रम वाचकांनीं लक्षांत ठेवावा. कारण त्यांत स्वस्त गोष्टी आधीं व महाग गोष्टी शेवटीं येतात. टांकी दोन आसांच्या मध्यें, तळाशीं आणली. जड पेट्या खालीं ठेवल्या. मग टायर पाहिले. टायरच्या बाजूवर चार आंकडे असतात. २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. आमचे टायर दिसण्यांत चांगले, पण वयानें जीर्ण होते, ते बदलले. हवा सकाळीं, टायर थंड असतांना, प्रत्यक्ष भाराच्या मानानें भरावी. ती कमी पडली तर टायर तापून फुटण्याची भीति, अधिक झाली तर हाडें खिळखिळीं.

नंतर स्प्रिंगा उघडल्या. आमच्या किनाऱ्यावरील खाऱ्या हवेनें पाटे गंजून एकमेकांस चिकटले होते. सुटे पाटे एकावर एक सरकावयाचे, त्या ठिकाणीं एक अखंड फळीच झाली होती! ते घासून, ग्रॅफाइटमिश्रित वंगण लावून पुनः बसविले, आणि वाढविलेला पाटा काढून टाकला. रबरी बुश चिरले होते, ते बदलले. शॉकअब्सॉर्बरमधून तेल गळत होतें. स्प्रिंग धक्का झेलते, परंतु नंतरचें हेलकावणें थांबवावयाचें काम शॉकअब्सॉर्बरचें. तो निकामी झाला कीं गाडी एका खड्ड्यासाठीं चार वेळां नाचते. चारही नवे घातले. सुकाणूचे सांधे तपासले, आणि सर्व सामान भरलेलें ठेवूनच चाकांची सरळ रेषा जुळविली.

यानें जुन्या गाडीची पालखी होत नाहीं. खड्डा तो खड्डाच. वेग तासाला पन्नास किलोमीटरच्या आंत ठेवावा, व दर दोन तासांनीं उतरून चार पावलें चालावें, हें पथ्य आहेच. डॉक्टरांच्या अनुज्ञेवांचून तर आम्ही निघालोंच नसतों.

माघांत आम्ही पुनः निघालों. खोपोलीचा घाट आला तेव्हां आम्हीं मागें वळून पाहिलें. आमचें कुटुंब उशीस टेकून शांत झोंपलें होतें. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर हातपाय धुतल्यावर तिनें पहिला प्रश्न केला, "त्या तुमच्या विद्यार्थ्यास गणितांत किती गुण दिले होतेत?"

आम्हीं उत्तर दिलें नाहीं. परत येतांना प्रसादाचे पेढे मात्र त्याच्या घरीं आधीं पोंचविले.