सेवा की सहल?

अंगकोरची मंदिरे पाहण्यासाठी कंबोडियातील सिएम रीप येथे जाणाऱ्या परदेशी प्रवाशापुढे गेली अनेक वर्षे आणखी एक ‘प्रेक्षणीय स्थळ’ ठेवले गेले : अनाथालय. सकाळी शिल्पे पाहावीत, दुपारी मुलांचा नाच पाहावा, वह्या-पेन्सिली वाटाव्यात, छायाचित्रे काढावीत आणि कृतार्थ मनाने विमानात बसावे, असा हा क्रम. प्रवाशाच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु हेतू शुद्ध असला म्हणजे परिणामही शुद्ध असतो, हा समज भाबडा आहे.

२००५ नंतरच्या पाच वर्षांत कंबोडियातील अशा संस्थांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. यादवी संपून तर बराच काळ लोटला होता. मग एवढे अनाथ आले कोठून? ‘युनिसेफ’च्या साहाय्याने झालेल्या पाहणीत आढळले की, संस्थांतील दर चार मुलांपैकी सुमारे तिघांच्या आईवडिलांपैकी निदान एक जण हयात होता. मुले पोरकी नव्हती. घरे दरिद्री होती. शिक्षणाच्या आशेने आईबापांनी त्यांना धाडले आणि त्यांचे दैन्य हेच चालकांचे भांडवल बनले. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने या शोषणाची दखल आधुनिक गुलामगिरीच्या संदर्भात घेतली, ती उगाच नव्हे.

या भेटींमुळे प्रवाशाचे डोळे उघडतात, असे समर्थन केले जाते. ते खरेही असेल. पण एकाचे डोळे उघडावेत म्हणून दुसऱ्याच्या मुलाने रोज नव्या पाहुण्यापुढे गाणे म्हणावे काय? मुंबई-पुण्यातील कोणता पालक आपल्या मुलाच्या वर्गात अनोळखी प्रवाशांना असे शिरू देईल? १९६८ मध्ये मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे इव्हान इलिच यांनी सेवेस निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना हेच बजावले होते : प्रवासी म्हणून या, शिकण्यासाठी या, उपकारकर्ते म्हणून मात्र येऊ नका.

याचा अर्थ सीमेपलीकडील सेवा त्याज्य आहे असा नव्हे. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर स्विस अभियंते प्येर सेरेसोल सहकाऱ्यांसह आले आणि मुझफ्फरपूर भागातील गावे नव्याने उभारण्यासाठी कुदळ-फावडे घेऊन राबले. त्यांनी स्थापिलेल्या ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’चे स्वयंसेवक १९५० च्या दशकात वरोऱ्याच्या आनंदवनातही आले. ज्या रोग्यांना समाज शिवत नव्हता त्यांच्यासाठी त्यांनी इमारती बांधल्या. ते दुःख पाहायला आले नव्हते. काम येथल्यांनी ठरविलेले होते. त्यांनी त्याला आपले हात दिले.

भेद आहे तो येथेच. दया पाहुण्याच्या सोयीने चालते, बंधुभाव यजमानाच्या गरजेने. आता मराठी मध्यमवर्गही अंगकोरला जाऊ लागला आहे. त्याने मंदिरे अवश्य पाहावीत. परंतु सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत मुलांची भेट छापलेली दिसली, तर ती खोडून टाकण्याचा आग्रह धरावा. द्यायचेच असेल तर मूल घरी राहून शाळेत जाऊ शकेल अशा कामाला द्यावे. मुलाला आपले आईबाप हवे असतात, प्रेक्षक नव्हे.