मेल्यावरच दिसणारा देवमासा

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे एक पिल्लू वाळूत येऊन अडकले. त्याला पाण्यात परत नेण्यासाठी सरकारी कर्मचाऱ्यांनी व गावकऱ्यांनी जिवाचे रान केले. वर्तमानपत्रांत छायाचित्रे झळकली. पिल्लू वाचले नाही. आणि थोड्याच दिवसांत आपण सारे ते विसरूनही गेलो!

पण ते आले कोठून? त्याच्या जातीचे किती देवमासे अरबी समुद्रात उरले आहेत? या प्रश्नांची उत्तरे किनाऱ्यावरची गर्दी देत नाही. वर्षानुवर्षे होडीत बसून टिपणे काढणारा संशोधक देतो. असा संशोधक घडवायचा तर त्याला तरुणपणीच आधार दिला पाहिजे. नेमका तेथेच आपला हात आखडतो.

हे काम किती चिकाटीचे आहे पाहा. डॉल्फिनच्या पाठीवरील पराच्या कडेला खाचा असतात. छायाचित्रांतल्या त्या खाचांवरून एकेका प्राण्याची ओळख पटवावी लागते. मादी एका वेळी एकच पिल्लू घालते, पुढचे काही वर्षांनी. मग कळप वाढतो आहे की घटतो आहे, हे एका हंगामात कसे कळावे? कनिष्ठ संशोधकाची शिष्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली, हे चांगलेच झाले. पण तीत त्याचे घर चालेल; होडीचे भाडे आणि डिझेल कोठून येणार?

कोणी म्हणेल, गरिबांच्या देशात ही चैन कशाला? पण जाळ्यात अडकलेला डॉल्फिन गुदमरून मरतो, तेव्हा कोळ्याचे जाळेही फाटते. संरक्षित प्राण्याला सोडवताना जाळे कापावे लागले, तर महाराष्ट्र शासन २०१८ पासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देते. जाळे कोठे आणि केव्हा टाकू नये हे आधीच कळले, तर प्राणीही वाचेल आणि जाळेही. ते सांगायला अभ्यासच हवा.

चीनमधील यांगत्से नदीत २००६ साली शास्त्रज्ञ सहा आठवडे बैजी डॉल्फिन शोधत हिंडले. एकही दिसला नाही. आपल्या नद्यांत मात्र २०२५ मध्ये जाहीर झालेल्या गणनेनुसार ६,३२७ डॉल्फिन आहेत. आपल्याला अजून वेळ आहे, एवढाच याचा अर्थ.

आम्ही कलाशाखेचे विद्यार्थी निबंधात समुद्राला 'अथांग' म्हणून मोकळे होतो. त्याचा थांग लावायला निघालेल्या आमच्याच वयाच्या मुलामुलींना निदान पाच वर्षांची हमी आणि होडीचा खर्च मिळावा, ही मागणी मोठी आहे काय?