चौथी कात आणि सरकारी दप्तर

कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीच्या परिसरात, जेथे कापूस आणि मका यांवरच शेतकऱ्याच्या वर्षाचा हिशेब बांधलेला असतो, तेथे तुती लावून रेशीमकिडे पाळू इच्छिणाऱ्यास आज सरकारदरबारी उत्तेजनाची वाण नाही. रोजगार हमीतून लागवडीला आणि कीटकसंगोपनगृहाला साहाय्य मिळते. आणि २०१८ साली जालन्याच्या बाजार समितीत कोषांची खरेदी सुरू झाल्यापासून माल घेऊन कर्नाटकातील रामनगरम गाठण्याची यातायातही टळली आहे. हे सर्व स्तुत्य आहे. परंतु ज्या मोजक्या तासांत या पिकाचे भवितव्य ठरते, म्हणजे ज्या तासांत किडा कात टाकतो, त्यांना या साऱ्या तरतुदींत त्यांच्या योग्यतेचे स्थान मिळालेले नाही, अशी माझी तक्रार आहे.

अंड्यातून निघाल्यापासून कोष विणू लागेपर्यंतच्या सुमारे २५ दिवसांत हा किडा चार वेळा कात टाकतो. तेवढ्या अवधीत त्याचे वजन सुमारे दहा हजार पटींनी वाढते, आणि अंगावरचे आवरण ठराविक मर्यादेपलीकडे ताणले जात नसल्यामुळे, ते टाकून नवे धारण करण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. घरातल्या झुरळालाही हाच नियम लागू आहे. कात टाकल्यावर ते काही काळ पांढरे आणि मऊ असते, आणि मादागास्करची फुत्कारणारी झुरळे हौसेने पाळणारे लोकसुद्धा त्या अवस्थेत त्यांना हात लावत नाहीत. या स्थित्यंतराची आज्ञा देणारे द्रव्य बुटेनांट आणि कार्लसन या जर्मन शास्त्रज्ञांनी १९५४ साली रेशीमकिड्यापासूनच वेगळे काढले. त्यासाठी ५०० किलो कोशितांचा अर्क करावा लागला आणि हाती आले अवघे २५ मिलिग्रॅम! इतक्या सूक्ष्म मात्रेवर ज्याचे जीवित अवलंबून आहे, त्या प्राण्याशी आडदांडपणा चालत नाही.

शेतकरी म्हणतात, अळ्या मोल्टला बसल्या. किडा खाणे सोडतो, डोके वर उचलून निश्चल होतो, आणि त्यापूर्वी रेशमाच्या बारीक तंतूंनी आपले पाय बिछान्याशी जखडून घेतो, जेणेकरून जुनी कातडी तेथेच अडकून राहावी आणि आपण तीतून पुढे सरकत बाहेर पडावे. किडा स्वस्थ दिसतो म्हणून कोणी बिछाना हलवला, वा भुकेला समजून वर पाला टाकला, तर हे तंतू तुटतात, कात अर्धवट अडकते आणि किडा दगावतो. म्हणून बहुतेक अळ्या बसल्या की पाला थांबवावा, चुन्याची पूड भुरभुरून बिछाना कोरडा ठेवावा, वारा खेळू द्यावा. आणि जवळजवळ सगळ्या उठेपर्यंत, आधी उठलेल्यांची दया न करता, थांबावे. घाईने पाला दिला तर बॅच पुढेमागे होते, आणि लहानमोठ्या अळ्यांचा हा गोंधळ थेट कोषांपर्यंत पोहोचतो. उठल्यावर प्रथम जंतुनाशक पूड आणि मग कोवळा पाला, हा क्रम का, तर नव्या कातडीतून रोग सहज शिरतो आणि नवे जबडे अद्याप मऊ असतात.

कोवळ्या अळ्या वाढवून देणाऱ्या चॉकी केंद्रातून अळ्या आणल्या तर पहिल्या दोन काती तेथील जाणत्या हातांखाली पार पडलेल्या असतात. तिसरी आणि चौथी शेतकऱ्याच्या माथी येते. चौथी सर्वांत दीर्घ, आणि तिच्यानंतरच्या आठवड्यातच किडा आपल्या आयुष्यातील बहुतांश पाला फस्त करतो; म्हणजे तेथे चुकले तर तुतीवरचा सारा खर्च पाण्यात जातो. हे अनुभवाने येते, असे उत्तर मिळते. ज्याने पहिल्याच बॅचसाठी हातउसने घेतले आहेत, त्याला असा अनुभव परवडत नाही. अनुदानाच्या हप्त्यासाठी शेडची मोजमापे घेण्यास जो कर्मचारी येतो, तोच नवशिक्याच्या पहिल्या बॅचच्या चौथ्या कातीच्या दिवशी हजर राहावा, आणि ती हजेरी दप्तरी नोंदली जावी. यासाठी नवा खर्च लागत नाही. अंड्यांच्या तारखेवरून तो दिवस आधीच काढता येतो.

कापसाच्या मुलखात याहून गंभीर गोष्ट आहे ती शेजारच्या फवारणीची. बोंडअळीवर वापरले जाणारे नोव्हाल्युरॉन कीटकाला नवे आवरण घडवूच देत नाही. पांढऱ्या माशीवरील पायरीप्रॉक्सिफेन त्याला बाल्यावस्थेतच रोखते. वाऱ्याबरोबर असा फवारा तुतीच्या पाल्यावर आला, तर मालक कितीही दक्ष असला तरी त्याच्या अळ्या कात टाकू शकत नाहीत किंवा कोष विणत नाहीत. उत्तर इटलीत गेल्या शतकाच्या अखेरीस फळबागांवरील फेनॉक्सीकार्ब या अशाच औषधामुळे रेशीमकिड्यांनी कोष विणणे सोडले आणि तेथील या व्यवसायाला जबर धक्का बसला. तो प्रसंग आपल्याकडे ओढवण्याची वाट पाहण्याचे प्रयोजन नाही. तुतीला मंजुरी देतानाच चतुःसीमेवर कोणती पिके आहेत, याची नोंद व्हावी. शेजाऱ्याने फवारणीपूर्वी एक दिवस आगाऊ सूचना द्यावी, असा ठराव ग्रामसभेत करून घ्यावा. आणि कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराने या वर्गातील औषध विकताना, जवळपास तुती आहे काय, एवढी विचारणा करावी, अशी लेखी ताकीद तालुका कृषी अधिकाऱ्याने पुढील खरिपाच्या आत काढावी.