घरचं विज्ञान : पोळी, भाकरी आणि धुरातला वायू



या वेळचा विषय घरातलाच आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या धाकटीचं वजन वाढेना. रक्त कमी, पोट सतत फुगलेलं. आजी फोनवर म्हणायची, "पोरीला तूप-पोळी घाला रे!" आम्ही घालत होतो आणि पोर आणखीच सुकत होती. शेवटी निदान झालं : सिलिअ‍ॅक डिसीज. दोष पोळीतल्याच ग्लूटेनचा!

गहू, सातू आणि राय यांतलं हे प्रथिन पुरतं पचत नाही. या आजारात शरीर त्याच्या तुकड्यांना शत्रू समजतं आणि लहान आतड्याच्या अस्तराला सूज येते. वाचता वाचता तिथे माझा जुना ओळखीचा भेटला, नायट्रिक ऑक्साइड! आम्हा इंजिनिअर लोकांना तो मोटारीच्या धुरातला वायू म्हणून ठाऊक. पण आपलं शरीरही तो तयार करतं. थोडा असला तर रक्तवाहिन्या सैल होतात. या संशोधनाला १९९८ चं नोबेल मिळालं. सिलिअ‍ॅकच्या सुजेत मात्र एक एन्झाइम तो भरमसाट बनवू लागतं. चुलीतला विस्तव छपराला लागावा, तसं. त्यापासून होणारी द्रव्यं पेशींना इजा करतात. उपचार न झालेल्या मुलांच्या लघवीत त्याचे अवशेष जास्त सापडतात. ग्लूटेन बंद केलं की उतरतात.

मग हा वायूच औषधाने का बंद करू नये? कारण शरीराला तो थोडा लागतोच. आग विझवायची तर सरपण काढायला हवं. डच डॉक्टर विलेम डिके यांनी गहू बंद केल्यावर मुलं सुधारतात हे १९५० च्या प्रबंधात मांडलं. आजही उपाय तोच, आणि तो जन्मभराचा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. शंका आली तरी रक्ततपासणीआधी पोळी बंद करू नका, नाहीतर तपासणी फसते. निदान झालंच तर भावंडांचीही तपासणी करून घ्या. आणि हो, डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, तेव्हा लेबल वाचा!

आता आमच्याकडे ज्वारीची भाकरी होते. पहिल्या दहा तव्यावरच मोडल्या. पण धाकटी मागून घेऊन खाते, आणि फोनवर आजी विचारते, "आज किती खाल्ल्या गं?"