किल्ल्यावर फिरा, झोपायला खाली या!

थंडी पडायला लागली की आमच्या टीममध्ये एक एक्सेल शीट फिरायला लागते. यंदा तिचं नाव आहे 'जैसलमेर, शुक्रवार रात्र ते रविवार रात्र'. नकाशे बघत बसायची मला सवय आहे, त्यामुळे शीट अर्थातच माझ्या गळ्यात. तर मंडळी, प्लॅन करताना जे मत बनलं ते इथे मांडतोय. पटलं नाही तर भांडा.

आधी हिशोब. पुण्याहून हे दोन दिवसांत बसत नाही. जैसलमेरला विमानतळ आहे, पण तिथली उड्डाणं हंगामाप्रमाणे बदलतात. नाहीतर जोधपूरला उतरून पोखरणमार्गे पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर, म्हणजे गाडीने पाच तास. तेव्हा एक रजा टाकाच. (कारण काय द्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.)

आता मुद्द्याचं. शीटमध्ये पहिलीच ओळ होती, 'किल्ल्याच्या आत रूम, हेरिटेज व्ह्यू'. माझा विरोध इथेच आहे.

हा किल्ला रावळ जैसलने ११५६ मध्ये बांधायला घेतला आणि आजही आत काही हजार लोक राहतात. आपले गड बघून मोठं झालेल्या माणसाला हे फार भारी वाटतं. रायगडावर आपण पडके चौथरे बघतो, इथे त्याच जागी कुणाचे तरी कपडे वाळत असतात! पण वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावासाठी बांधलेला हा किल्ला आहे. पूर्वी बायका खालच्या गडीसर तलावातून डोक्यावर हंडे वाहून आणायच्या. असं आणलेलं पाणी कोण सांडेल? पुढे नळ आले, मग गेस्ट हाऊस आले, प्रत्येक खोलीला शॉवर आणि कमोड आला. सांडपाणी झिरपतं ते खालच्या त्रिकूट टेकडीत, आणि तिथल्या वालुकाश्मासोबत मातीचे मऊ थर आहेत. पाणी मुरलं की ते ढिले पडतात. २०१३ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या या किल्ल्याच्या तटाचा एक भाग ऑगस्ट २०२४ मध्ये पावसात कोसळला. तो पावसामुळे पडला हे खरंच, पण पाया वर्षभर ओला ठेवण्यात आपल्या शॉवरचाही वाटा आहे.

एक मित्र म्हणाला, "अरे, मग आतल्या लोकांनी खायचं काय?" प्रश्न रास्त आहे. पर्यटनावर घरं चालतात त्यांची. म्हणून मी 'किल्ल्यावर जाऊ नका' असं म्हणत नाहीये. उलट अख्खा दिवस वर घालवा. जैन मंदिरं बघा, तिथेच जेवा, तिथेच खरेदी करा, स्थानिक गाईड घ्या. फक्त आंघोळ आणि झोप खाली गावात. शिवाय किल्ला खालूनच चांगला दिसतो. संध्याकाळच्या उन्हात पिवळा दगड सोन्यासारखा दिसतो, आणि हे दृश्य किल्ल्याच्या आत बसून कसं दिसणार?

दुसरी रात्र सर्वांनाच समच्या वाळूत हवी आहे. गावापासून चाळीसेक किलोमीटर. उंट, टेंट, बुफे आणि डीजे. वाळवंटात एवढ्या लांब जाऊन तीच गाणी ऐकायची असतील तर हिंजवडीतला पब काय वाईट? आणि शेजारीच डेझर्ट नॅशनल पार्क आहे, जिथे माळढोक तग धरून आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ मध्ये ज्याच्यासाठी अभयारण्य केलं आणि जो आता आपल्याकडे दिसणंच दुर्मिळ झालंय, तोच पक्षी. सममध्ये २०१९ पासून त्याचं प्रजनन केंद्र चालू आहे. अशा ठिकाणी रात्री स्पीकर लावायचे म्हणजे कमालच!

त्यापेक्षा एक दिवस लोंगेवाला-तनोटला द्या. साधारण सव्वाशे किलोमीटर, दोन्ही बाजूंना काही म्हणजे काही नाही. 'बॉर्डर' (१९९७) सगळ्यांनी बघितलाय, पण डिसेंबर १९७१ मध्ये मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या शंभर-सव्वाशे जवानांनी रात्रभर रणगाडे अडवले ती सपाट जागा बघितली की लपायला काहीच नव्हतं हे पहिल्यांदा कळतं. तनोट मातेच्या मंदिराची व्यवस्था बीएसएफ बघतं, न फुटलेले बॉम्ब तिथे मांडून ठेवलेत. त्यापुढे सीमेकडे जायला परवानगी लागते. ओळखपत्र न्या, ड्रोन घरी ठेवा. मे २०२५ मध्ये याच गावात रात्री ब्लॅकआउट होता आणि विमानतळ बंद होता, तेव्हा जवानांनी हटकलं तर वाद घालू नका.

शीटमधली हॉटेलची ओळ मी बदलली आहे, अजून कुणी परत फिरवलेली नाही. टेंटवर मतदान चालू आहे. डीजेवाले तीन, चांदणंवाले तीन. सातवं मत मॅनेजरचं, आणि त्याचीच रजा अजून मंजूर झालेली नाही.