वाढीचें वय आणि उंचीचें औषध

एकत्र कुटुंबांत मुलांची परस्परांशीं तुलना होणें अपरिहार्य असतें. धाकट्या जावेची मुलगी सातव्या वर्षींच झपाट्यानें उंच होऊं लागली म्हणजे घरांत कौतुक होतें. उलट तिचा चुलतभाऊ चवदा वर्षांचा होऊनहि लहानखुराच राहिला, कीं आजोबांपासून आत्याबाईंपर्यंत सर्वांचें लक्ष त्याच्या ताटाकडे लागतें. पुढें कोणीतरी हार्मोनच्या इंजेक्शनांची गोष्ट काढतो. परंतु या दोहोंपैकीं खरी काळजी बहुधा मुलीची करावयास हवी, हें फारच थोड्या घरांतून ठाऊक असतें.

याचें कारण हाडांच्या रचनेंत आहे. लांब हाडांच्या टोकांशीं कूर्चेचा पातळ थर असतो. तो शाबूत आहे तोंवर हाड लांबत जातें. त्याचें हाड बनलें, कीं उंची थांबली ती कायमचीच. बालपणीं मेंदूच्या तळाशीं असणाऱ्या पोष ग्रंथीचें वृद्धिसंप्रेरक ही वाढ चालवितें. यौवनारंभीं त्यांत लैंगिक संप्रेरकांची भर पडते व वेग एकदम वाढतो. मात्र जीं संप्रेरकें वेग देतात, त्यांच्याच योगानें कूर्चाहि बुजत जाते. समईची वात पुढें सारली असतां उजेड वाढतो, पण तेलहि लवकर सरतें, तसाच हा प्रकार होय. मुलींची वाढ साधारणतः बाराव्या वर्षाच्या सुमारास व मुलग्यांची चवदाव्याच्या सुमारास सर्वाधिक वेगानें होते. म्हणूनच सहावी-सातवीच्या रांगेंत मुली उंच दिसतात आणि दहावीपर्यंत तें चित्र पालटतें, हा प्रत्येक शिक्षकाचा अनुभव आहे.

मुलग्यांच्याहि कूर्चा बुजविणारें मुख्य द्रव्य इस्ट्रोजेनच आहे. टेस्टोस्टेरॉनचा कांहीं अंश शरीरांत त्याच रूपांत पालटतो. १९९४ सालीं अमेरिकेंत एका अठ्ठावीस वर्षांच्या पुरुषाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. जन्मजात दोषामुळें त्याच्या शरीरावर इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता. त्याची उंची २०४ सेंटिमीटर असून ती अद्याप वाढतच होती, आणि हाडांचें वय मात्र पंधराच होतें!

आतां सातव्या वर्षींच उंच होणाऱ्या मुलीकडे वळूं. आठ वर्षांपूर्वीं मुलीस, अथवा नऊ वर्षांपूर्वीं मुलग्यास यौवनाचीं लक्षणें दिसूं लागलीं, तर तें मूल आज सोबत्यांहून उंच दिसेल. परंतु त्याच्या कूर्चा लवकर बुजून तें मोठेपणीं ठेंगणें राहण्याचा संभव असतो. १९८० नंतरच्या दशकांत यावर उपाय उपलब्ध झाला. दर महिन्यास अथवा तीन महिन्यांनीं इंजेक्शन देऊन यौवनारंभ कांहीं काळ थोपवितां येतो. सहा वर्षांच्या आंतील मुलींना त्याचा लाभ अधिक होतो. आठ वर्षांनंतर उंचीपुरता तो अल्पच असतो. कौतुकांत गेलेलीं वर्षें पुन्हां मिळत नाहींत, तीं अशीं.

उशीरा वाढणाऱ्या मुलग्याची कथा वेगळी. पुष्कळदां वडील किंवा मामाहि असेच उशीरा वाढलेले असतात. चवदाव्या वर्षापर्यंत मुलग्यास व तेराव्यापर्यंत मुलीस यौवनाचें लक्षण दिसलें नाहीं, तर डॉक्टरांस दाखवावें. ते मुलग्यास कांहीं महिने अल्प प्रमाणांत टेस्टोस्टेरॉन देतात. त्यानें वाढ लवकर सुरू होते, अंतिम उंची मात्र अधिक होत नाहीं. व्यायामशाळेंतून कोणाच्या सांगण्यावरून अशीं द्रव्यें घेणारा कुमार तर स्वतःच्या कूर्चा वेळेपूर्वींच बुजवून घेतो.

या औषधांचा इतिहासहि सावध करणारा आहे. उंच मुलींचीं लग्नें अडतील या भयानें अमेरिकेंत १९५० नंतरच्या दशकांत व ऑस्ट्रेलियांत १९५९ पासून त्यांना इस्ट्रोजेनचे मोठे डोस देण्यांत आले. त्यांतील पुष्कळजणींना पुढें गर्भधारणेस अडचण आली, असें २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियांतील संशोधनांत दिसून आलें. मृतांच्या पोष ग्रंथींपासून काढलेलें वृद्धिसंप्रेरक घेतलेल्या कांहीं रुग्णांस मेंदूचा प्राणघातक विकार जडला. म्हणून १९८५ सालीं अमेरिकेंत तें बंद झालें. त्याच वर्षीं प्रयोगशाळेंत निर्माण केलेलें वृद्धिसंप्रेरक तेथें मान्य झालें. ज्यांच्यांत तें कमी आहे, किंवा कांहीं ठराविक विकार आहेत, अशा मुलांना तें वरदान ठरलें आहे. पण तेंहि कूर्चा बुजण्यापूर्वींच. चूर्णें व गोळ्या यांच्याविषयीं काय सांगावें? उंची वाढविण्याचा दावा औषधानें करूं नये, असें आपल्या देशांतील औषध-नियमांच्या 'जे' अनुसूचींतच म्हटलें आहे.

घरांत करण्यासारखें काम साधें आहे. दर सहा महिन्यांनीं प्रत्येक मुलाची उंची मोजून वहींत तारखेसह लिहावी. आईवडिलांच्या उंचीची बेरीज करून मुलग्यासाठीं तींत १३ सेंटिमीटर मिळवावे, मुलीसाठीं वजा करावे, व निम्मे करावे. वडील १६८ व आई १५४ असल्यास मुलग्याची अपेक्षित उंची १६७.५ व मुलीची १५४.५ येते, प्रत्यक्षांत आठ-नऊ सेंटिमीटर इकडे-तिकडे होणें स्वाभाविक आहे. वहींतील वाढ एकाएकीं धांवूं लागली किंवा अडली, तर बालरोगतज्ज्ञांकडे जावें. ते डाव्या हाताच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचें वय सांगतात. उपाय करावयाचा कीं नाहीं, हें त्यावरून ठरावें. स्थळें पाहण्याच्या भीतीनें किंवा शेजारच्या मुलाकडे पाहून ठरूं नये.